हात लावून बघणं

विक्रीच्या वस्तूंचे फोटो काढणाऱ्या आमच्या स्टुडिओत प्रत्येक शूटचा पहिला फोटो काळा असायचा. मुद्दाम काढलेला काळा. वस्तू टेबलावर मांडून झालेली, कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवलेला, सेन्सरची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ १००, लेन्सचं भोक म्हणजे अ‍ॅपर्चर एफ ११, शटर १/१६० सेकंद, आणि सगळे फ्लॅश बंद. बटण दाबायचं आणि केबलने जोडलेल्या मॉनिटरवर काय उमटतं ते बघायचं. मिट्ट काळोख उमटला तर ठीक. कुठे कोपऱ्यात करडी छटा दिसली, तर खिडकीचा पडदा नीट लागलेला नाही किंवा छतावरचा एखादा दिवा चालू राहिलाय असं समजायचं, तो शोधायचा, बंद करायचा, आणि पुन्हा काळा फोटो काढायचा. त्यानंतर पहिला फ्लॅश. एकटा. तो वस्तूवर काय काम करतोय ते बघून झालं की तो बंद, आणि दुसरा चालू. मग दोन्ही मिळून.

मी तिथे मार्केटिंगची इंटर्न म्हणून सहा महिने होते. फोटोंची आवड होती, पण तोवर मी जे काही फोटो काढले होते ते सगळे आधीच पडलेल्या उजेडात. उजेड असतोच, आपण त्यात नीट उभं राहायचं, एवढीच माझी समजूत. काळ्या फोटोने ती मोडली. इथे सुरुवातीला काहीच नव्हतं. जे दिसणार होतं ते आम्ही आणणार होतो, आणि कुठला उजेड कुठून आला ते एकेक करून सांगता यायला हवं होतं. स्टुडिओच्या मुख्य छायाचित्रकार, ज्यांना लहानथोर सगळेच ताई म्हणायचे, त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं : "उजेडाचा हिशोब लागला पाहिजे." एखाद्या बाटलीच्या खांद्यावर छोटासा पांढरा ठिपका दिसला की त्या विचारायच्या, "हा कुणाचा?" आणि मला उत्तर माहीत असावं लागायचं.

पण काळ्या फोटोच्याही आधी एक गोष्ट होती, आणि मला जे सांगायचंय ते खरं तर त्या गोष्टीबद्दल आहे.

वस्तू खोक्यातून निघाली की ताई ती हातात घ्यायला लावायच्या. डोळे मिटून. वजन बघायचं, पृष्ठभागावरून बोट फिरवायचं, थंड लागते की कोमट, कडा बोचतात का, झाकण कसं फिरतं, दाबलं तर दबतं का. मग डोळे उघडून एका चिठ्ठीवर तीन शब्द लिहायचे. ती चिठ्ठी मॉनिटरच्या चौकटीला चिकटवली जायची आणि शूट संपेपर्यंत तिथेच राहायची. टॉवेलची चिठ्ठी : मऊ, जाड, कोरडा. स्टीलच्या बाटलीची : थंड, जड, गुळगुळीत. चिनी मातीच्या एका कपाची चिठ्ठी मला अजून आठवते : वर गुळगुळीत, तळाशी खरखरीत, कान अंगठ्यापुरता. हे तीन शब्दांपेक्षा जास्त झालं होतं, पण ताईंनी ते तसंच राहू दिलं.

आपल्या भाषेत 'बघणं' फक्त डोळ्यांचं नाही. आपण चाखून बघतो, हुंगून बघतो, ऐकून बघतो, विचारून बघतो, उचलून बघतो. कापड घ्यायचं तर हात लावून बघतो. आंधळा माणूसही हात लावूनच बघतो आणि त्याच्यासाठी आपण दुसरं क्रियापद शोधत नाही. हे मला त्या चिठ्ठ्या लिहिताना पहिल्यांदा जाणवलं. पडद्यावर वस्तू बघणाऱ्या माणसाचे हात बांधलेले असतात. त्याला उचलता येत नाही, दाबता येत नाही, उलटून तळ तपासता येत नाही. त्याचं हे सगळं बघणं आम्हाला एकट्या उजेडाकडून करवून घ्यायचं होतं.

टॉवेलपासून सुरुवात झाली, कारण ताईंच्या मते टॉवेल सोपा होता. मला वाटलं, मऊ वस्तू, तर मऊ उजेड. मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड पसरवणारी पांढऱ्या कापडाची पेटी, कॅमेऱ्याच्या बाजूनेच समोर लावला. फोटोत टॉवेलऐवजी घडी घातलेला जाड कागद दिसत होता. मी सॉफ्टबॉक्स आणखी जवळ आणला, तेव्हा तो आणखी सपाट झाला. ताईंनी काहीच न बोलता सॉफ्टबॉक्स हटवला, त्या जागी साधा वाटीसारखा रिफ्लेक्टर लावलेला लहान फ्लॅश घेतला आणि तो टेबलाच्या पातळीला, अगदी कडेला, टॉवेलच्या पाठीवरून उजेड घासत जाईल असा ठेवला. एकदम एकेक धागा उभा राहिला. टॉवेलच्या प्रत्येक फासाला एक बाजू उजळ आणि एक बाजू सावलीची मिळाली. सावली मिळाल्यावर खोली आली, आणि खोली आल्यावर बोट आत रुतेल असं वाटायला लागलं. मऊपणा दिसायला करकरीत तिरपा उजेड लागला होता. उलट बाजूने गुळगुळीत, चकचकीत गोष्टींना मोठा, पसरलेला उजेड लागतो. लहान स्रोत धारदार सावली देतो, मोठा स्रोत सावलीची कड विरघळवतो, आणि 'मोठा' म्हणजे वस्तूच्या जागेवरून तो किती मोठा दिसतो तेवढा. सूर्य अवाढव्य आहे, पण इतका लांब की त्याची सावली धारदार पडते. ढग आला की सगळं आकाशच स्रोत होतं आणि सावली नाहीशी होते. हे मी शाळेपासून रोज बघत होते आणि एकदाही पाहिलं नव्हतं.

स्टीलच्या बाटलीने मात्र माझा पूर्ण दिवस घेतला. त्या दिवसाबद्दल मी थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण तेव्हा मी जे शिकले ते पुढे सगळीकडे कामाला आलं.

बाटली घासून चकचकीत केलेली, आरशासारखी. पहिल्या फोटोत तिच्या पोटावर मी होते. उभी, बारीक, लांबट झालेली, लाल टॉप घातलेली. माझ्या बाजूला ट्रायपॉडचे तीन पाय, वर छताची चौकट, डावीकडे सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन त्याच्या शिवणीसकट. मी बाजूला सरकले तर माझ्या जागी दार आलं. दार झाकलं तर टेबलाची कड आली. तासभर मी वस्तू हलवत होते, दिवे हलवत होते, आणि खोलीतली एकेक गोष्ट बाटलीत आळीपाळीने येऊन बसत होती.

मग ताई म्हणाल्या, "तू बाटलीकडे बघतेयस. जरा बाटलीच्या जागेवरून बघ." त्यांनी मला टेबलाशी वाकायला लावलं. गाल जवळजवळ टेबलाला टेकवून, डोळा बाटलीच्या उंचीला आणून, मी खोलीकडे पाहिलं. जे मला तिथून दिसत होतं तेच बाटलीला दिसत होतं, आणि बाटलीला जे दिसत होतं तेच फोटोत येत होतं. प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परावर्तित होतो, हे वाक्य मी परीक्षेत लिहून पूर्ण गुण मिळवले होते. त्याचा अर्थ मला त्या टेबलाला गाल टेकवल्यावर कळला. चकचकीत वस्तूचा फोटो काढायचा तर वस्तूच्या आसपासचं जग आधी रचावं लागतं. सपाट आरसा असेल तर त्याला आसपासचा एक छोटा तुकडाच दिसतो आणि तेवढाच सांभाळायचा असतो. गोल बाटलीला डावं, उजवं, समोरचं, जवळजवळ सगळंच दिसतं.

म्हणून आम्ही तिच्याभोवती ट्रेसिंग पेपरची भिंत उभी केली. दोन्ही बाजूंनी गुंडाळी सोडली, मध्ये फक्त लेन्स डोकावेल एवढी फट. आता बाटलीला पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. मी खूश झाले. फोटो काढला, आणि बाटली मेली होती. खोली गेली, मी गेले, पण स्टीलही गेलं. प्लॅस्टिकच्या करड्या नळीसारखं काहीतरी पांढऱ्यावर उभं होतं, कडा पार्श्वभूमीत विरलेल्या. चिठ्ठीवर 'थंड' लिहिलेलं होतं आणि मॉनिटरवर थंड काहीच नव्हतं.

ताईंनी काळ्या फोम बोर्डच्या दोन उभ्या पट्ट्या कापल्या, चार बोटं रुंदीच्या, आणि बाटलीच्या दोन्ही अंगांना, चौकटीच्या जेमतेम बाहेर उभ्या केल्या. बाटलीच्या दोन्ही कडांना काळी रेघ आली. लगेच तिला आकार आला, जणू कोणी पेन्सिलीने कड गिरवली. मग त्यांनी डावीकडचा दिवा ट्रेसिंग पेपरच्या अगदी जवळ नेला, त्यामुळे कागदावर मध्यभागी झगझगीत आणि कडेकडे मावळत जाणारा डाग तयार झाला. बाटलीवर तो उभ्या पट्ट्यासारखा उतरला : एका बाजूला काळ्यापर्यंत हळूहळू विझत जाणारा, दुसऱ्या बाजूला एकदम तुटलेला. उजळ आणि काळं एकमेकांना खेटून आलं की आपला डोळा त्याला धातू म्हणतो. सगळीकडे सारखा उजेड असलेल्या गोष्टीला तो धातू म्हणायला तयार नसतो. मी मॉनिटरवर बोट ठेवणारच होते, इतकी ती बाटली गार दिसत होती.

संध्याकाळ झाली होती. एका फोटोसाठी सकाळपासूनचा दिवस. मला वाटलं होतं ताई उशीर झाला म्हणून चिडतील. त्यांनी फक्त सांगितलं की उद्यापासून काळे कपडे घालून ये. माझ्या लाल टॉपची छटा बाटलीच्या एका कडेवर उरली होती, इतकी हलकी की मला ती दाखवल्यावरही दिसायला वेळ लागला.

काच याच्या उलट वागते आणि तिच्याबद्दल थोडक्यात सांगते. काचेवर उजेड टाकून उपयोग होत नाही, तो आरपार जातो. काचेचा फोटो म्हणजे तिच्या कडांचा फोटो. मागे उजळ पांढरं ठेवून बाजूंना काळं ठेवलं, तर कडा काळ्या रेषेने उमटतात. मागे काळं ठेवून त्याच्या कडेबाहेरून उजेड सोडला, तर कडा चांदीसारख्या चमकतात. पहिली पद्धत औषधाच्या, अत्तराच्या स्वच्छ बाटल्यांना शोभते, दुसरी गडद, रात्रीच्या मूडच्या कामाला. थंड पेयाच्या बाटलीवरचे थेंब पाणी आणि ग्लिसरीन मिसळून फवारलेले असतात, कारण साधं पाणी दिव्यांखाली ओघळून आणि सुकून जातं. घड्याळ असेल तर काटे दहा वाजून दहा मिनिटांवर : दोन्ही बाजूंना सारखे उघडलेले, बारापाशी छापलेलं नाव मोकळं. चावी बाहेर ओढून सेकंदकाटा थांबवायचा, नाहीतर एकावर एक रचायच्या फ्रेम जुळत नाहीत. आणि रचाव्या लागतातच. अगदी जवळून टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सने वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटवली, तर एफ ११ला जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. अ‍ॅपर्चर आणखी लहान केलं तर प्रकाश कडांशी वाकून सगळंच किंचित मऊ होतं. म्हणून फोकस केसभर पुढे सरकवत वीस-तीस फ्रेम घ्यायच्या आणि प्रत्येकीतला स्पष्ट भाग जोडायचा.

हे सगळं करण्याआधी वस्तू पुसायची. स्टुडिओत दिव्यांचं आणि मांडणीचं काम बघणारे काका होते. ते पांढरे सुती हातमोजे घालून, मऊ ब्रश आणि ब्लोअर घेऊन बसायचे. एका दिशेने पुसायचे, कधी उलट फिरवायचे नाहीत. "बाळ, पुसायला दोन मिनिटं, संगणकावर रिटच करायला वीस," असं ते मला दर वेळी सांगायचे, आणि मग वस्तू उजेडात तिरकी धरून बघायचे, जसे डॉक्टर एक्स-रे बघतात. टेबलावर वस्तू डुगडुगत असेल तर तळाला ब्लू टॅक या चिकट लगद्याचा मुगाएवढा गोळा. चपलेचा पट्टा उभा राहायला आतून तार. पिशवीला पोट यावं म्हणून आत कागदाचे बोळे, पण किती? काका पिशवी आधी भरून, रिकामी करून बघायचे. ती नेहमीच्या वापरात जेवढी फुगते तेवढीच फुगवायची. जास्त फुगवलेली पिशवी हातात आल्यावर मलूल वाटते, असं त्यांचं मत. ते मला कुठल्याही कार्यशाळेतल्या वाक्यापेक्षा मोलाचं वाटतं.

मला सगळ्यात अवघड गेला तो साधा, पांढऱ्यावरचा फोटो. मांडणी नाही, फुलं नाहीत, लाकडी फळी नाही, वस्तू आणि पांढरं. असे फोटो काढणं हे हलकं काम आहे असं माझ्याबरोबरच्या काहींना वाटायचं आणि त्यांना सजावटीच्या शूटवर जायचं असायचं. मी हळूहळू उलट्या मताची झाले. सजावटीत चूक लपते. पांढऱ्यावर ती उघडी पडते. आधी तर पांढरं हे पांढरं येतच नाही. फ्लॅश वस्तूपासून एक मीटरवर आणि मागचा कागद फ्लॅशपासून दोन मीटरवर असेल, तर अंतर दुप्पट झाल्यामुळे कागदावर उजेड चौथा हिस्साच पोहोचतो, म्हणजे दोन स्टॉप कमी. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. डोळ्यांना शुभ्र दिसणारा कागद फोटोत ढगाळ करडा येतो. म्हणून मागच्या कागदाला वेगळा दिवा. पण तो फार जास्त केला की मागून उजेड उसळून वस्तूच्या कडा खाऊन टाकतो. वस्तूपेक्षा जेमतेम एक स्टॉप जास्त, आणि वस्तू कागदापासून शक्य तितकी पुढे. अ‍ॅमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५ असलेली शुद्ध पांढरी लागते आणि वस्तूने चौकटीचा किमान ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. हे आकडे नियमावलीत एका ओळीत असतात. त्या ओळीमागे कडा सांभाळत बसलेलं कोणीतरी असतं.

रंगाचंही तसंच. उजेड किती पिवळा किंवा निळा ते रंगतापमान सांगतं : दिवसाच्या उजेडाचं साधारण ५५०० केल्विन, जुन्या पद्धतीच्या स्टुडिओ बल्बचं ३२००. दोन प्रकारचे उजेड मिसळले की एक गाल पिवळा, एक निळा. त्यासाठीच तो पहिला काळा फोटो. मग १८ टक्के परावर्तनाचं करडं कार्ड वस्तूशेजारी ठेवून एक फ्रेम घ्यायची, म्हणजे नंतर संगणकावर करडं कुठलं ते नेमकं सांगता येतं. एवढं करूनही काही रंग फसवतात. निळसर हिरवा हा त्यातला अट्टल. काही रंगद्रव्यं कॅमेऱ्याच्या सेन्सरला आपल्या डोळ्यांपेक्षा वेगळी दिसतात. तेव्हा वस्तू मॉनिटरशेजारी धरून, तिच्याकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत, तो एक रंग हाताने जुळवावा लागतो. मी एकदा तासभर एका पिशवीचा रंग जुळवत बसले होते. कंटाळा आला नाही. ती पिशवी विकत घेणाऱ्या माणसाला खोक्यातून काढताना 'हाच तो रंग' असं वाटलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

ताईंच्या टेबलामागे भिंतीवर दोन जुन्या फोटोंच्या प्रती होत्या. एक इंग्लंडमधल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने काढलेला, फळ्यांवर ओळीने मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचा. तो १८४४मध्ये प्रसिद्ध झाला. छायाचित्रणाची कला नुकतीच जन्मली होती आणि तिच्या जनकांपैकी एकजण किटल्या आणि कपांचा फोटो काढत होता. त्याने त्यासोबत लिहिलं होतं की संग्राहकाच्या सगळ्या वस्तू कागदावर उमटवायला त्यांची यादी लिहिण्यापेक्षा फारसा जास्त वेळ लागणार नाही, आणि उद्या एखाद्या चोराने ती भांडी पळवलीच तर हे चित्र न्यायालयात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून ठेवता येईल. मला ही कल्पना फार आवडते. वस्तूच्या फोटोचा पहिला विचार साक्षीचा होता. ती विकायची आहे ही गोष्ट नंतर आली.

दुसरा फोटो अमेरिकन छायाचित्रकार पॉल आउटरब्रिजचा, १९२२मधला. शर्टाला वेगळी लावायची एक पांढरी कॉलर बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्या-पांढऱ्या चौकटींवर ठेवलेली. बस. ती जाहिरात होती, व्हॅनिटी फेअर मासिकात छापून आलेली. पटाच्या सरळ रेषा आणि त्यावर कॉलरची एकच वळलेली रेघ. तिची खळ लावून कडक केलेली धार मला बोटाला जाणवते. एका कॉलरला कोणी इतकं लक्ष दिलं होतं, हे बघून मला दर वेळी धीर यायचा.

आता बरीचशी कामं संगणकावर वस्तू घडवून होतात, कॅमेऱ्याशिवाय. आयकिया या फर्निचर कंपनीच्या कॅटलॉगमध्ये २००६ साली बर्टिल नावाची एक लाकडी खुर्ची संगणकावर तयार करून छापली गेली, आणि पुढे त्यांच्या कॅटलॉगमधली बहुतांश वस्तूंची चित्रं तशीच होऊ लागली. त्यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळा आहे. तिथे छायाचित्रकारांना संगणकावर वस्तू घडवायला शिकवलं गेलं आणि संगणकावर काम करणाऱ्यांना छायाचित्रण. कारण खोटी खुर्ची खरी दिसायला उजेड खराच लागतो, आणि तो कुठून यावा हे ज्याने टेबलाला गाल टेकवून पाहिलंय त्याला कळतं.

आणि आता माझी चूक.

चौथ्या महिन्यात एक छोटा ब्लूटूथ स्पीकर आला. दिवसभरात बारा वस्तू उरकायच्या होत्या, ताई दुसऱ्या शूटवर होत्या, आणि हे काम पहिल्यांदाच माझ्या एकटीवर होतं. मी खोकं उघडलं, काकांनी पुसून दिलेला स्पीकर हातमोज्यांच्या चिमटीत धरून थेट टेबलावर ठेवला. हातात घेऊन बघितलंच नाही. चिठ्ठी लिहिली नाही. २४ मिलिमीटरची वाइड लेन्स लावली, कॅमेरा खाली आणला आणि अगदी जवळ गेले. वाइड लेन्स जवळून लावली की पुढची बाजू फुगते आणि मागची पळते. स्पीकर इमारतीसारखा उभा राहिला. मागून एक उजळ कड, पुढे खोल सावली. मला तो माझा त्या महिन्यातला सर्वांत देखणा फोटो वाटला. बैठकीत सगळ्यांनी वाखाणला. तो मुख्य फोटोंच्या रांगेत गेला.

काही आठवड्यांनी परत आलेल्या मालाच्या कारणांची यादी आमच्याकडे आली. अशा याद्या यायच्या, पण आम्ही इंटर्न त्या वाचत नसू. ताईंनी ती माझ्यासमोर ठेवली. स्पीकरच्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच गोष्ट, वेगवेगळ्या शब्दांत : फोटोत मोठा वाटला होता. इतका लहान असेल असं वाटलं नव्हतं. एकाने लिहिलं होतं की वडिलांसाठी घेतला होता, बटणं त्यांच्या बोटांना फार बारीक पडतात.

मापं खाली वर्णनात अचूक लिहिलेली होती. मी तसं म्हणूही शकले असते. पण मला माहीत होतं की माणूस आधी बघतो, मग वाचतो, आणि एकदा डोळ्यांनी आकार ठरवला की सेंटिमीटरचे आकडे त्यापुढे काही बोलू शकत नाहीत. त्या वडिलांच्या बोटांबद्दल वाचून मला जे वाटलं ते इथे मोठे शब्द वापरून लिहिणार नाही. रात्री झोप लागली नाही, एवढं खरं.

ताई रागावल्या नाहीत. कपाटातून स्पीकर काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "मीट डोळे. काय वाटतंय?"

"लहान आहे," मी म्हटलं. आणि मग, जरा वेळाने, "पण जड आहे. एवढ्याशा आकाराला खूपच जड."

"मग केवढी चांगली गोष्ट होती सांगायला," त्या म्हणाल्या. "लहान आणि भरीव. ती सोडून तू त्याला मोठं केलंस."

त्याच संध्याकाळी आम्ही तो पुन्हा शूट केला. चिठ्ठी लिहिली : लहान, भरीव, कडा गोल. १०० मिलिमीटरची लेन्स, कॅमेरा लांब, माणूस हातातली वस्तू ज्या उंचीवरून बघतो त्या उंचीला. काळा फोटो. मग एक मोठा सॉफ्टबॉक्स डावीकडून वर, उजवीकडे पांढरा फोम बोर्ड. पांढऱ्यावरचा साधा फोटो झाल्यावर ताई म्हणाल्या की यात एक हात पाहिजे. शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवण्यापेक्षा हात बरा, हाताचं माप प्रत्येकाला ठाऊक असतं. माझाच हात घेतला, दुसरा कुणाचा उपलब्ध नव्हता. मी हातमोजे काढले. काकांनी माझ्या नखांवर ब्लोअर मारला आणि सांगितलं, "बाळ, हात सैल सोड, फुलपाखरू धरल्यासारखं नको. त्याचं वजन घे."

हात धरून उभं राहणं वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. पहिल्या दहा-बारा फ्रेममध्ये बोटं ताठ, नाटकी. मग खांदा दुखायला लागला आणि मी फोटोचा विचार करायचं सोडून स्पीकर खरंच धरला. खाली मधली तीन बोटं, बाजूला अंगठा. फ्लॅश उडाला.

ताईंनी ती फ्रेम शंभर टक्क्यांवर मोठी केली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. स्पीकरच्या गोल कडेवर उजेड नीट मावळत होता, जाळीचं एकेक छिद्र मोजता येत होतं. पण त्या तिकडे बघत नव्हत्या. त्या माझ्या बोटांच्या टोकांकडे बघत होत्या. वजनाने तिथलं रक्त दबलं होतं आणि नखांच्या खाली थोडा फिकटपणा आला होता. एरवी रिटच करताना असल्या गोष्टी सगळ्यात आधी काढल्या जातात. त्वचा एकसारखी करतात, बोटं गुलाबी करतात.

"वजन कळतंय," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी रिटचिंगच्या सूचनांचा कागद पुढे ओढला. जाळीवरचा धुळीचा एक कण, तळाशी किंचित सावली, आणि खाली तिसरी ओळ : बोटांना हात लावू नये.